नजर अधू झाल्यावर दिसणारी माणसं: चार्ल्स बॉनेट सिंड्रोम या नावाची पार्श्वभूमी

काचबिंदू, मधुमेहामुळे खराब झालेला पडदा किंवा उतारवयातली मॅक्युलाची, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाची, झीज. यांतल्या कशानेही नजर अधू झालेल्या ज्येष्ठांपैकी काहींना समोर नसलेली माणसं, मुलं, जनावरं, विटांची किंवा जाळीची नक्षी स्पष्ट दिसू लागते. आवाज नसतो, स्पर्श नसतो, आणि हे खरं नाही हे बहुतेकांना कळत असतं. डॉक्टर याला चार्ल्स बॉनेट सिंड्रोम म्हणतात. नाव रुळलेलं असलं तरी ते नेमकं कोणाला लावायचं यावर आजही एकमत नाही आणि त्याची किंमत रुग्णांनी मोजली आहे.

मूळ नोंद जिनिव्हातली. बॉनेट हा निसर्गअभ्यासक. नराशिवाय मावा या किडीची पैदास होते हे त्याने विशीतच दाखवलं होतं. त्याच्या आईचे वडील निवृत्त न्यायाधिकारी होते, वय नव्वदीला टेकलेलं, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊनही नजर जेमतेम. फेब्रुवारी १७५८ मध्ये त्यांना एक निळा रुमाल दिसू लागला. चारी कोपऱ्यांत एकेक पिवळं वर्तुळ असलेला हा रुमाल डोळे वळतील तिकडे जाई आणि समोरची भिंत, पलंग झाकून टाकी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दोन नाती भेटायला आल्या. आजोबा आरामखुर्चीत बसले होते. नातींबरोबर त्यांना दोन देखणे तरुण दिसले, एकाचा झगा तांबडा, दुसऱ्याचा करडा, टोप्यांना रुपेरी काठ. ‘इतके छान पाहुणे आणलेत, आधी सांगितलं का नाही?’ असं त्यांनी विचारलं. मुली म्हणाल्या, आमच्याबरोबर कोणीच नाही. आजोबांनी ते मान्य केलं आणि क्षणभरात पाहुणे विरून गेले. नातवाने ही हकीकत १७६० मध्ये मनाच्या शक्तींवरच्या आपल्या ग्रंथात थोडक्यात दिली. आजोबांनी स्वतः सांगून लिहून घेतलेली सविस्तर नोंद मात्र १९०२ साली छापली गेली.

खरा गुंता १९३६ मध्ये सुरू झाला. त्या वर्षी जिनिव्हातल्याच एका मेंदूविकारतज्ज्ञाने या प्रकाराला बॉनेटचं नाव दिलं. पुढे १९६७ मध्ये त्याने व्याख्या पक्की केली: बुद्धी शाबूत असलेल्या वृद्धांना होणारे दृष्टीचे भास. डोळ्यांचा आजार हे याचं कारण नाही, तो सोबत असला तर निव्वळ योगायोग आणि मूळ दोष वार्धक्यातल्या मेंदूत, असं त्याचं ठाम मत होतं. ज्या आजोबांवरून हे नाव आलं त्यांचे दोन्ही डोळे अधू होते. त्यांच्याच नातवाचं नाव घेऊन डोळ्यांना बाजूला सारणं मला तरी पटत नाही. पण तो तज्ज्ञ उथळ नव्हता. नजर जाऊनही बहुतेकांना असे भास होत नाहीत, मग डोळा हे पुरेसं कारण कसं, हा त्याचा प्रश्न आजही खरा आहे.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी ती व्याख्या मानली नाही. त्यांनी तेच नाव उचललं आणि नजर गेल्यामुळे होणारे भास असा उलटा अर्थ लावला. मानसोपचारवाल्यांनी तिसरंच धरलं: डोळे कसेही असोत, बुद्धी शाबूत हवी, भास हा भास आहे ही जाण हवी, दुसरा मानसिक आजार नको. म्हणजे एकाच नावाखाली तीन वेगळे आजार नांदू लागले. एकाच्या अभ्यासातले रुग्ण दुसऱ्याच्या व्याख्येत बसेनात. ‘वृद्ध’ या शब्दामुळे नजर गमावलेली तरुण माणसं आणि मुलं बाहेर राहिली, आणि ‘बुद्धी शाबूत’ या अटीमुळे विस्मरणाचा आजार आणि मॅक्युलाची झीज दोन्ही एकदम असलेले आजी-आजोबा. अशा माणसाच्या भासाचं खापर सरसकट मेंदूवर फुटतं, नजर कोणी तपासत नाही आणि वर मनोविकाराची गोळी सुरू होते. जाणिवेची अट निरर्थक नाही, कारण ल्युई बॉडी नावाच्या डिमेन्शियात, म्हणजे विस्मरणाच्या आजाराच्या एका प्रकारात, अशीच माणसं दिसतात आणि तिथे पुढचा सगळा उपचार वेगळा असतो. पण ही अट निदानाला मदत म्हणून वापरणं वेगळं, आणि रुग्णाला दारातूनच परत पाठवायला वापरणं वेगळं.

पुरावा हळूहळू डोळ्यांच्या बाजूने जमत गेला. नजरेकडून येणारा मजकूर आटला की मेंदूतली दृष्टीची केंद्रं लगाम सुटल्यासारखी आपणहून काम करू लागतात, अशी मांडणी १९७३ मध्ये झाली. कापलेल्या पायाच्या जागी वेदना होतात, त्याच्याशी हे मिळतंजुळतं. १९९६ मध्ये नेदरलँड्समधल्या पाहणीत नजर अधू असलेल्या ५०५ रुग्णांपैकी ६० जणांना असे भास होत असल्याचं आढळलं. १९९८ मध्ये लंडनच्या संशोधकांनी भास चालू असतानाच मेंदूचं चित्रण केलं. चेहरे दिसत होते तेव्हा चेहरे ओळखणारा भाग जागा होता, रंग दिसत होते तेव्हा रंगांचा. २००४ मध्ये तर नजर उत्तम असलेल्या १३ जणांचे डोळे पाच दिवस बांधून ठेवले, त्यातल्या दहा जणांना काही ना काही दिसलं.

आपल्याकडे शब्दांचा घोळ आणखी आहे. भास, आभास, भ्रम, चळ हे सगळे शब्द बोलण्यात एकमेकांच्या जागी येतात, आणि ‘म्हाताऱ्याला चळ लागला’ म्हटलं की पुढे विचारायचं काही उरत नाही. माझ्या आजीचे दोन्ही डोळे काचबिंदूने गेले होते. संध्याकाळी अंगणात हिरव्या लुगड्यातल्या बायका रांगेने उभ्या दिसतात, असं तिने पहिल्यांदा सांगितलं ते कित्येक महिन्यांनी. चेहरे धूसर, पण काठ स्पष्ट. ती त्या मोजायची. घरच्यांनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, दृष्ट काढली. एका डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली. हे डोळ्यांमुळे असू शकतं असं तिला कोणीही सांगितलं नाही. इतके महिने गप्प का राहिलीस विचारलं तर म्हणाली, ‘वेडी म्हणाला असतात.’

‘हे निरुपद्रवी आहे, दीड वर्षात थांबतं’ असं सांगण्याची प्रथा बराच काळ होती. २०१४ मध्ये असे भास होणाऱ्या ब्रिटनमधल्या ४९२ जणांनी एका पाहणीत दिलेल्या उत्तरांनी ती मोडली. बहुतेकांचे भास दोन वर्षांहून अधिक चालू होते, आणि जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याला त्यांचा त्रास होत होता. मोठे डोळे आणि दात असलेले विद्रूप चेहरे दिसणाऱ्याला हे निरुपद्रवी म्हणून सांगणं ही क्रूरताच आहे. २०१५ मध्ये तिथे आईच्या अनुभवावरून एका मुलीने केवळ या रुग्णांसाठी काम सुरू केलं. २०२० च्या टाळेबंदीत एकटे पडलेल्यांचे भास वाढल्याच्या नोंदीही तिथूनच आल्या. हमखास लागू पडणारं औषध अजून नाही. दिवा लावणं, डोळे भराभर डावी-उजवीकडे फिरवणं, जागेवरून उठणं याने काहींचं चित्र मोडतं. मोतीबिंदू काढल्यावर नजर सुधारली तर काहींचे भास थांबतात.

२०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या जागतिक वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत याची नोंद दृष्टीच्या विकारांच्या प्रकरणात आहे. तीही बॉनेटच्या नावाने नव्हे, तर ‘व्हिज्युअल रिलीज हॅल्युसिनेशन्स’ (लगाम सुटल्यामुळे होणारे दृष्टीचे भास) अशी, म्हणजे १९७३ च्या मांडणीला धरून. तपासणीच्या खोलीत मात्र ‘तुम्हाला भास होतात का?’ असं विचारलं की ज्येष्ठ मंडळी लगेच नाही म्हणतात. ‘नजर कमी झाल्यावर पुष्कळांना समोर नसलेलं काहीबाही दिसतं, तुम्हाला तसं होतं का?’ असं विचारलं तर उत्तर यायला लागतं.