मधुमेहींच्या पायांची निगा घरापर्यंत कशी आली

१९२२ साली इन्सुलिन आलं. त्याआधी मधुमेही माणूस बऱ्याचदा बेशुद्धीत जाऊन दगावायचा. आता आयुष्य वाढलं, पण वर्षानुवर्षं साखर चढलेली राहून नसा आणि रक्तवाहिन्या खराब झालेले पाय दवाखान्यात येऊ लागले. बोस्टनचे डॉ. इलियट जोस्लिन यांनी १९३४ मध्ये मधुमेहातल्या गँगरीनवर (रक्तपुरवठा तुटून किंवा जंतू शिरून मांस सडण्यावर) लेख लिहिला. ते बरंचसं टाळता येतं, असं त्यांचं ठाम म्हणणं होतं. ते टाळायचं तर पाय रोज धुवून, कोरडे करून बघायला हवेत, आणि हे काम घरीच होऊ शकतं.

जखम का चिघळते, याचा उलगडा मात्र कुष्ठरोगाच्या कामातून झाला. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की कुष्ठरुग्णाच्या तळव्याचं मांस आपोआप सडत नाही. दुखणं कळत नसल्यामुळे माणूस त्याच जागेवर भार देत राहतो. त्या रुग्णांसाठीच्या मऊ एमसीआर (बारीक छिद्रांच्या रबराच्या) चपला आज मधुमेहींच्याही पायात दिसतात. ब्रँड १९६६ मध्ये अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. पायाला अंगासरशी बसणारं प्लॅस्टर तिथून मधुमेहाच्या जखमांसाठी रूढ झालं.

हे प्लॅस्टर गुण देतं त्याचं मोठं कारण म्हणजे ते काढता येत नाही. २००३ च्या एका अमेरिकी अभ्यासात, जखमेवरचा भार कमी करणारा, पण काढता येणारा बूट रुग्णांच्या पायात दिवसभराच्या जेमतेम २८ टक्के चालण्यापुरताच होता. ड्रेसिंग वेळच्या वेळी बदलूनही जखम भरत नसेल, तर आधी घरातलं चालणं तपासावं: ‘संडासापर्यंतच तर जायचंय’, ‘देवापुढे चप्पल कशी घालू’. इथे घरच्यांचा शब्द डॉक्टरांपेक्षा जास्त चालतो. घरात वापरायची वेगळी, स्वच्छ चप्पल द्यावी आणि ती घातल्याबद्दल कुणी बोलू नये.

घरच्यांना करता येईल अशी तपासणी २०११ मध्ये इंग्लंडमधल्या इप्सविचहून आली. रुग्णाने डोळे मिटायचे. आपण बोटाच्या टोकाने दोन्ही पायांचे अंगठे, करंगळ्या आणि मधली बोटं, अशा सहा जागी एक-दोन सेकंद अलगद स्पर्श करायचा. दाबायचं नाही, टोचायचं नाही. कळलं नाही म्हणून पुन्हा लावायचंही नाही. दोन किंवा जास्त जागी कळलं नाही, तर पाय बधीर होतोय असं धरून डॉक्टरांना दाखवावं.

अशा पायाला शेक देऊ नये. कुरुपावर औषधी पट्टी किंवा ब्लेड नको. अंघोळीच्या पाण्याचा अंदाज दुसऱ्याने कोपर बुडवून घ्यावा. बोटांच्या बेचक्या आणि टाचा रोज बघाव्यात. वाकता न येणाऱ्या आजीआजोबांना स्वतःचा तळवा दिसतच नाही. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम आणि सुजलेला लागला, तर जखम नसली तरी मुरगळला असेल म्हणून चोळत बसू नये. आत हाडं खचत असू शकतात. त्या पायावर भार न देता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.