पट्ट्यापासून पॅनेलपर्यंत : सोलापूरच्या विजेची आणि स्वयंचलनाची पार्श्वभूमी

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरींच्या कारखान्यांच्या मधेमधे काही छोटी वर्कशॉप दिसतात. पाटीवर ‘इलेक्ट्रिकल्स’, ‘कंट्रोल्स’, ‘ऑटोमेशन’ असं काहीतरी लिहिलेलं. आत करड्या रंगाच्या लोखंडी पेट्या, म्हणजेच पॅनेलं, उभी असतात, कोणी बसबार (वीज वाहणारी धातूची पट्टी) वाकवत असतो, कोणी वायरींना नंबराचे फेरूल (ओळखीच्या छोट्या नळ्या) चढवत असतो आणि कोपऱ्यात एखादा पोरगा लॅपटॉपवर लॅडर, म्हणजे यंत्राचा प्रोग्राम, तपासत बसलेला असतो. अशी अभियांत्रिकी कंपनी नेमकं करते काय? महावितरणच्या मीटरपासून यंत्राच्या शाफ्टपर्यंत मधे जे जे लागतं ते सगळं करते. सोलापुरात या मधल्या जागेवर आधी कोणीच नव्हतं. मग वायरमन आला, त्यानंतर पॅनेलवाला, आणि आता प्रोग्राम लिहिणारा. हे समजून घ्यायचं तर गिरण्यांपासूनच सुरुवात करावी लागते.

१८६० मध्ये रेल्वे सोलापूरला पोचली. कापूस बाहेर जायला आणि कोळसा आत यायला वाट झाली. १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी उभी राहिली, तीच पुढे गावाच्या तोंडी जुनी गिरणी झाली. मागोमाग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम या गिरण्या आल्या. या सगळ्यांची सुरुवातीची रचना एकच. एक मोठं वाफेचं इंजिन, त्याचं प्रचंड चाक, चाकावरून निघालेले दोर, छताखालून धावणारा लांब शाफ्ट आणि त्यावरून प्रत्येक साच्यावर (यंत्रावर) उतरलेला चामड्याचा पट्टा. शाफ्ट थांबला की अख्खं खातं थांबायचं. एका साच्याचा वेग वेगळा हवा असेल तर पुली बदलायची, दुसरा उपाय नव्हता. मुख्य म्हणजे वाफेचं इंजिन थोडंथोडं विकत घेता येत नाही. बॉयलर, चिमणी, इंजिन असा सगळा पसारा एकदमच उभा करावा लागतो, म्हणून यंत्राचा मालक तोच, ज्याच्याकडे मोठं भांडवल. शहराची वेळसुद्धा भोंग्यावर चालायची यात नवल नाही.

मुंबईच्या गिरण्यांचं चित्र १९१५ मध्ये बदलू लागलं. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं आणि घाटमाथ्यावर पडलेला पाऊस खाली मुंबईत मोटारी फिरवू लागला. सोलापूरला ही सोय नव्हती. भीमा-सीनेचा हा मुलूख पर्जन्यछायेतला, उंचावरून पडणारं पाणी इथे कुठलं! शहरात विजेचे दिवे आले, गिरण्यांतही वीज शिरली. पण स्वस्त, मुबलक आणि लांबून तारेवरून येणारी वीज मिळायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडावा लागला. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं आणि १९६२ मध्ये कोयनेचा पहिला संच सुरू झाला. राज्यभर तारांचं जाळं पसरलं ते त्यानंतर.

माझ्या मते सोलापूरच्या औद्योगिक इतिहासातलं खरं वळण हेच, आणि त्याची चर्चा मात्र गिरण्या बंद पडण्याच्या कथेखाली दबून गेली. थ्री फेजचं कनेक्शन मिळालं की एका मागाला साधारण एक हॉर्सपॉवरची मोटार पुरते. पिंजरा पद्धतीची ही इंडक्शन मोटार एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांतली युक्ती. फिरत्या भागाला बाहेरून वीज द्यावी लागत नाही, कार्बन ब्रश नाहीत, झिजणारं फारसं काही नाही. वाइंडिंग जळालं तर गल्लीतला रिवाइंडर दोन दिवसांत करून देतो. वाफेचं इंजिन घरात बसवता येत नव्हतं, ही मोटार येते. पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांच्या घरांत हातमागाच्या जागी यंत्रमाग आले, ओसरीत दोन, मागच्या खोलीत दोन. गिरण्यांनी एका छताखाली ठेवलेली शक्ती तारेवरून वाटली गेली आणि तिच्याबरोबर यंत्राची मालकीही. मोठ्या गिरण्या पुढच्या दशकांत एकेक करून बंद पडल्या, पण खटखट थांबली नाही, ती गल्ल्यांत गेली. (मालकी वाटली गेली याचा अर्थ मजुरी वाढली असा नाही. तो वेगळा आणि कडू विषय आहे.)

याच विणकरांच्या डोक्यावर, अगदी शब्दशः, स्वयंचलनाचा सगळ्यात जुना नमुना लटकत होता. सोलापुरी चादरीची नक्षी जकार्डवर उठते. फ्रान्समध्ये जोसेफ मारी जकार्ड याने १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेलं हे यंत्र. पुठ्ठ्याची भोकं पाडलेली कार्डं दोऱ्याने ओवून त्यांची माळ करतात. भोक असेल तिथे सुई आत जाते आणि तिच्या आकड्याचा धागा उचलला जातो. भोक नसेल तर धागा खालीच राहतो. एक कार्ड म्हणजे आडव्या धाग्याची एक फेक. नक्षी बदलायची तर यंत्राला हात लावायचा नाही, माळ बदलायची. पुढे हर्मन हॉलेरिथने अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेसाठी भोकांची कार्डं वापरली आणि संगणकाची वाट तिकडून निघाली. सोलापुरात ग्राफच्या कागदावर नक्षी काढून त्यावरून कार्डं पाडणारे कारागीर होते. त्यांना कोणी प्रोग्रामर म्हटलं नाही, काम मात्र तेच होतं. आता इलेक्ट्रॉनिक जकार्डमध्ये प्रत्येक आकड्यामागे विद्युतचुंबक असतो आणि माळेच्या जागी फाइल.

यंत्र स्वतःहून क्रमाने काम करतं ही कल्पना इथे अशी जुनीच. पण कारखान्यातल्या बाकीच्या गोष्टी, म्हणजे बॉयलर, पंप, सायझिंग (सुताला खळ लावणं), रंगाई, बराच काळ माणसाच्या हातावर आणि रिलेंच्या (विजेने चालू-बंद होणाऱ्या स्विचांच्या) पेटीवर चालल्या. रिले पॅनेलमध्ये तर्क तारांत गुंफलेला असतो: हा कॉन्टॅक्टर ओढला तरच तो टायमर सुरू, तो टायमर संपला तरच हा व्हॉल्व उघडा. क्रम बदलायचा तर पॅनेल उघडून तारा उपटायच्या आणि पुन्हा जोडायच्या. अमेरिकेत मोटार कारखान्यांना दर नव्या मॉडेलला हीच डोकेदुखी होती. १९६८ मध्ये जनरल मोटर्सने तिच्यावर उपाय मागितला आणि डिक मोर्ली व त्याच्या सहकाऱ्यांनी मोडिकॉन ०८४ नावाचा नियंत्रक तयार केला. त्यांचा तो चौऱ्याऐंशीवा प्रकल्प, म्हणून ते नाव. या पीएलसीची, म्हणजे प्रोग्राम बदलता येणाऱ्या नियंत्रकाची, खरी हुशारी त्याच्या भाषेत आहे. लॅडर डायग्राम मुद्दाम रिलेच्या सर्किटसारखाच ठेवला, म्हणजे कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला तो वाचता यावा. सोलापुरात वायरमनच्या पोटी ऑटोमेशनवाले जन्माला आले त्याचं मोठं कारण हे.

मधे भारनियमनाची वर्षं गेली. दोन हजारच्या दशकात वीज कधी जाईल यावर पाळ्या लागायच्या. त्या काळाने यंत्रमागवाल्यांचं कंबरडं मोडलं, पण पॅनेलवाल्यांना धंदा शिकवला, हेही खरं. जनरेटर आणि लाईनची अदलाबदल करणारी चेंजओव्हर पॅनेलं, फेज गेला तर मोटार जळू नये म्हणून सिंगल फेज प्रिव्हेंटर, कमी व्होल्टेजसाठी स्टॅबिलायझर, हे सगळं इथे जुळवलं जाऊ लागलं.

दुसरी शाळा साखर कारखान्यांनी चालवली. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत सोलापूर अग्रभागी. पूर्वी कारखाना ऊस गाळायचा आणि बगॅस (उसाचा चोथा) जाळून आपल्यापुरती वाफ करायचा. रोलर फिरवायला छोट्या वाफेच्या टर्बाइन असायच्या, आणि त्या वाफ खाण्यात उधळ्या. सहवीजनिर्मिती आली तेव्हा गणित उलटलं. बॉयलरचा दाब वाढवायचा, सगळी वाफ आधी मोठ्या टर्बाइनमधून नेऊन वीज काढायची, उरलेल्या कमी दाबाच्या वाफेवर रस उकळायचा, आणि रोलर विजेच्या मोटारींनी फिरवायचे. जितकी वाफ वाचेल तितकी वीज ग्रिडला, म्हणजे वीजवाहिन्यांच्या सामायिक जाळ्याला, विकता येते. हे जमायचं तर सगळ्या गोष्टी एकमेकींशी बोलायला हव्यात. रोलरवर भार वाढला की ऊस आणणारा पट्टा आपोआप हळू व्हायला हवा, बॉयलरच्या ड्रममधली पाण्याची पातळी वाफेच्या मागणीबरोबर सावरायला हवी, आणि बाहेरचं ग्रिड गेलं तर क्षणार्धात वेगळं होऊन कारखान्याचा भार स्वतःवर घ्यायला हवा. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड. त्यासाठी संरक्षक रिलेंची (बिघाड ओळखून जोडणी तोडणाऱ्या उपकरणांची) मांडणी नीट नसेल तर टर्बाइन ट्रिप होते आणि कारखाना अंधारात जातो. गळीत हंगामात रात्री-अपरात्री बोलावणं आलं की जावं लागतं. या कामावर इथली बरीच पोरं तयार झाली. सिद्धेश्वर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पाची चिमणी विमानतळाच्या वादात जून २०२३ मध्ये पाडली गेली, हे सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिलं. त्या चिमणीखाली काय चालायचं हे मात्र थोड्यांनाच ठाऊक होतं.

मोठ्या विजेच्या नकाशावर सोलापूरचं नाव ठळक झालं ते ३१ डिसेंबर २०१३ रोजी. रायचूर ते सोलापूर ७६५ किलोव्होल्टची वाहिनी त्या दिवशी जोडली गेली. तोपर्यंत दक्षिणेकडच्या राज्यांचं ग्रिड बाकी देशाशी एचव्हीडीसी (उच्च दाबाच्या एकदिश विजेच्या) दुव्यांनीच जोडलेलं होतं: वीज जायची-यायची, पण दोन्हीकडची वारंवारता वेगळी. ही वाहिनी सुरू झाली आणि अख्खा देश एकाच वारंवारतेवर आला. त्याच्या दीड वर्ष आधी, ३० जुलै २०१२ ला उत्तर भारतात आणि ३१ जुलैला उत्तरेसह पूर्व आणि ईशान्य भारतातही ग्रिड कोसळलं तेव्हा केंद्रीय ऊर्जामंत्री सोलापूरचेच सुशीलकुमार शिंदे होते, हा योगायोग इथे अजून सांगितला जातो. पुढे एनटीपीसीचा ६६० मेगावॉटच्या दोन संचांचा औष्णिक प्रकल्प आला. पहिला संच २०१७ मध्ये, दुसरा २०१९ मध्ये व्यावसायिक पातळीवर सुरू झाला. एवढं सगळं दारात उभं राहिलं म्हणून यंत्रमागवाल्याचं बिल कमी झालं असं कोणी समजू नये. वीज ग्रिडला जाते, दर वीज नियामक आयोग ठरवतो.

बिलाचा विषय निघालाच आहे तर पॅनेलवाल्याचं रोजचं काम सांगायला हवं. इंडक्शन मोटारी, त्यातही अर्ध्या भारावर फिरणाऱ्या, पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) खाली ओढतात. २०२० पासून उच्चदाब ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर, म्हणजे कामी आलेल्या विजेऐवजी एकूण ओढलेल्या विजेवर होतं, त्यामुळे खराब पॉवर फॅक्टर थेट युनिटांत दिसतो. उपाय म्हणून आपोआप चालू-बंद होणारे कॅपॅसिटर बसवतात. इकडे वेग हवा तसा बदलता यावा म्हणून व्हीएफडी ड्राइव्हही बसवलेले असतात. या दोघांचं पटत नाही. ड्राइव्हमुळे लाईनवर हार्मोनिक्स (मूळ वारंवारतेच्या पटीतल्या नकोशा लहरी) येतात, ते कॅपॅसिटरशी जुळले की कॅपॅसिटर फुगतात आणि फुटतात. मधे योग्य रिअॅक्टर (तारेचं वेटोळं) घातला तर प्रश्न मिटतो, पण तो खर्च कोटेशनमधून सगळ्यात आधी कापला जातो.

त्यात सोलापूरचं हवामान. बरेच ड्राइव्ह चाळीस अंशांपर्यंत पूर्ण क्षमतेने चालतील असे घडवलेले असतात, आणि इथे एप्रिल-मेमध्ये सावलीतच पारा त्याच्यावर. पत्र्याच्या शेडमधल्या बंद पेटीत काय होत असेल! पेटीला पंखा लावावा तर कापसाची लव आठवड्यात फिल्टर बुजवते. म्हणून इथला जाणता पॅनेलवाला ड्राइव्ह एक माप मोठा घेतो आणि पेटी शेडच्या बाहेरच्या भिंतीला ठेवतो. कॅटलॉगमध्ये हे सापडत नाही.

रंगाईत स्वयंचलनाचा फायदा चटकन पटतो. सुतावर रिअॅक्टिव्ह रंग चढवताना तापमान ठरलेल्या चालीने वाढवावं लागतं आणि मीठ, सोडा ठरलेल्या वेळीच पडावा लागतो. हातावर केलं की एका लॉटची शेड दुसऱ्याशी जुळत नाही, आणि परदेशी ग्राहक टॉवेल परत पाठवतो. कंट्रोलर बसवलेल्या डाईंगवाल्याला त्याची किंमत कोणी पटवून द्यावी लागत नाही.

शहराच्या पाण्याचंही तेच आहे. उजनीहून शंभराहून अधिक किलोमीटर पाणी उपसून आणायचं, मग शुद्धीकरण, मग टाक्या. पंपांच्या वाटेत कुठे वीज गेली की शहराच्या पाण्याचं वेळापत्रक कोलमडतं. २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूर आलं तेव्हापासून ‘स्काडा’ (दुरून देखरेख आणि नियंत्रण करणारी संगणक प्रणाली) हा शब्द नगरसेवकांच्याही तोंडी आहे. ड्राइव्ह विकणारे सांगतात की वेग वीस टक्के कमी केला तर पंपाची शक्ती निम्म्यावर येते. सूत्र खरं आहे, पण ते पाइपातल्या घर्षणापुरतं. जिथे पाणी उंच चढवायचंच आहे, तिथे बचत त्याहून कितीतरी कमी होते.

माणसं कुठून आली? वालचंद हिराचंद यांचा जन्म याच शहरातला. त्यांच्या नावाची अभियांत्रिकी संस्था इथे १९८३ मध्ये सुरू झाली. लक्ष्मी हायड्रॉलिक्ससारखी मोटारी बनवणारी कंपनी गावातच आहे. १९९२ मध्ये सुरू झालेल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्समुळे सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या यंत्रांवर) हात बसलेली एक पिढी तयार झाली. याच कंपनीने २०१८ मध्ये नेदरलँड्समधली विजेवरच्या वाहनांची एमॉस कंपनी ताब्यात घेतली. विजेच्या गाडीत कॅमशाफ्ट (इंजिनाचे व्हॉल्व उघडझाप करणारा दांडा) लागतच नाही, हे लक्षात घेतलं तर त्या व्यवहारामागचा विचार कळतो. तरीही शिकलेल्यांपैकी मोठा हिस्सा पुण्याला जातो. छोट्या ऑटोमेशन कंपन्यांची खरी अडचण भांडवलापेक्षा टिकणाऱ्या माणसाची जास्त आहे.

आता नवे रेपिअर (धोट्याविना चालणारे) माग आणि डाईंगची यंत्रं पीएलसी पोटात घेऊनच येतात. बिघाड झाला की स्थानिक अभियंत्याला आत शिरता येत नाही, कारण प्रोग्रामला पासवर्ड आणि तो यंत्र बनवणाऱ्याकडे. इथल्या पॅनेलवाल्यांतही काही जण हाच डाव खेळतात: प्रोग्राम कुलूपबंद, ड्रॉइंग अर्धवट, म्हणजे गिऱ्हाईक परत आपल्याकडेच येईल. शहाणा कारखानदार ऑर्डरमध्येच लिहून घेतो की प्रोग्रामची प्रत, पासवर्ड आणि काम संपल्यानंतरचं दुरुस्त ड्रॉइंग हाती आल्याशिवाय शेवटचा हप्ता मिळणार नाही. देखभालीचा करार करताना दोन्ही बाजूंची घासाघीस हल्ली रकमेपेक्षा याच ओळीवर जास्त होते.