ढोलवाला नसलेली जोडी : सॅक्सोफोन आणि इलेक्ट्रिक गिटार

सॅक्सोफोन आमच्या आर्वी तालुक्यात ओळखीचा आहे, पण तो बँडपार्टीतला. लाल कोट, सोनेरी झालर, पुढे ढोल आणि त्यावर सिनेमाचं गाणं. त्यामुळे सॅक्सोफोन आणि इलेक्ट्रिक गिटार एवढ्याच दोन वाद्यांचा, आधी काहीही न ठरवता वाजवलेला अल्बम मी ओट्यावर लावला, तेव्हा काकांनी विचारलं, "हे वाजवून राह्यले का अजून वाद्यं लावूनच राह्यले रे बापू?"

प्रश्न रास्त आहे.

दोन्ही वाद्यं मुळात मोठ्या आवाजासाठी जन्मली. बेल्जियमच्या अडॉल्फ सॅक्सने १८४६ मध्ये पॅरिसला सॅक्सोफोनचं पेटंट घेतलं, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे उघड्या मैदानावरचा लष्करी बँड होता. आपल्याकडेही असली वाद्यं छावण्यांतल्या बँडमधूनच लग्नाच्या वरातीत आली. नागपूरजवळची कामठीची छावणी तर १८२१ ची, सॅक्सोफोनहून जुनी. गिटारचं दुखणं उलटं होतं. जॅझ या अमेरिकी संगीताच्या ताफ्यात फुंकवाद्यांपुढे ती ऐकूच येत नसे, म्हणून १९३० च्या दशकात तिला वीज जोडली.

मग जॅझवाल्यांनी एकेक आधार काढायला सुरुवात केली. डिसेंबर १९६० मध्ये सॅक्सोफोनवाल्या ऑर्नेट कोलमनने स्वतःसकट आठ वादकांना घेऊन ठरलेल्या स्वरमेळांची चौकट सोडली. फेब्रुवारी १९६७ मध्ये दुसरा सॅक्सोफोनवाला जॉन कोल्ट्रेन फक्त ड्रमवाल्या रशीद अलीला घेऊन स्टुडिओत बसला. म्हणजे ढोल तेवढा उरला होता. टोकियोत तोही काढला गेला.

जून १९७० मध्ये तिथे मासायुकी ताकायानागी आणि काओरू आबे यांनी केलेला कार्यक्रम 'काइताइतेकी कोकान' नावाच्या तबकडीत आहे. गिटारवाला ताकायानागी ३७ वर्षांचा, जॅझमध्ये नाव कमावलेला. सॅक्सोफोनवाला आबे २१ चा. सप्ताहात महाराजांचा माइक भोंग्यासमोर आला की जी शिट्टी उठते आणि सगळे कानावर हात ठेवतात, ती शिट्टी ताकायानागी मुद्दाम उठवतो आणि धरून ठेवतो. आबे तिच्यावरून ओरडतो. दोघं एकमेकांना दाद देत नाहीत, वाट तर मुळीच देत नाहीत. आबे २९ व्या वर्षी गेला. मला विचाराल तर या प्रकारातलं इतकं निर्दय ध्वनिमुद्रण पुन्हा झालं नाही.

लंडनची वाट वेगळी. डेरेक बेली शेफिल्डचा. नाचघरांत आणि वाद्यवृंदांत पोटासाठी वर्षानुवर्षं गिटार वाजवलेला. पाठ झालेलं सगळं बोटांतून काढून टाकायचं, हे त्याने ठरवलं. इव्हान पार्कर सॅक्सोफोनवर गारुड्याच्या पुंगीसारखा दम न तोडता वाजवतो : गालातली हवा बाहेर ढकलतानाच नाकाने श्वास घ्यायचा. १९७० मध्ये दोघांनी ड्रमवाल्या टोनी ऑक्सलीबरोबर 'इन्कस' ही तबकड्या काढणारी स्वतःची कंपनी सुरू केली, आणि १९७५ मध्ये बेली-पार्कर या जोडीची लंडनमधली मैफल मुद्रित झाली. इथे आरडाओरडा कमी. तुटक, टोचरे, बारीक आवाज; एकाने टाकलेला दाणा दुसरा टिपतोच असं नाही.

जुगलबंदीच्या सवयीने ऐकायला बसलं की फसगत होते ती इथेच. आपल्या गवयालाही आयत्या वेळी सुचतं, पण राग ठरलेला असतो, तालाचं आवर्तन फिरत असतं, आणि समेवर सगळ्यांच्या माना एकदम हलतात. बेलीला हे ठाऊक होतं; १९८० च्या आपल्या पुस्तकात त्याने भारतीय संगीतावर प्रकरणच लिहिलं. या जोडवादनात समच नाही. मग 'वा' म्हणायचं कुठे, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

काकांना मी एवढं सगळं सांगितलं नाही. लग्नाच्या दिवशी मांडवाबाहेर जनरेटर सुरू होतो, बेंजोवाला तारा छेडून स्पीकर तपासतो, सॅक्सोफोनवाला पत्ती ओली करून चार वेडेवाकडे सूर सोडतो आणि ढोलवाला अजून चहाच्या टपरीवर असतो, ती पाच मिनिटं त्यांना आठवून दिली. ते म्हणाले, "अन् मंग ढोलवाला येतच नाही?"

"नाही येत."