डिझेल पिकअपमधला युरिया आणि पॉवर कट: हे आलं कुठून

मुंबईत पिकअप चालवणाऱ्या कुणाशीही बोला, वाशी मार्केटला भाजी आणणारा असो की भिवंडीच्या गोडाऊनमधून माल उचलणारा, युरियाचा, म्हणजे धूर साफ करायला डिझेल गाडीच्या वेगळ्या टाकीत भरतात त्या द्रवाचा, विषय निघाला की पहिलं गाऱ्हाणं पॉवर कटचंच असतं, म्हणजे गाडी स्वतःच इंजिनाची ताकद कमी करते त्याचं. टाकीत युरिया आहे, बिल आहे, तरी मीटरवर दिवा लागतो आणि गाडी ओढतच नाही. हे गाऱ्हाणं खरं आहे आणि ते समजायचं तर थोडं मागं जावं लागतं.

धुरातला नॉक्स, म्हणजे नायट्रोजनचे विषारी वायू, अमोनियाने मारायची पद्धत जुनी, १९७० च्या दशकात जपानच्या वीजकेंद्रांत ती वापरात आली. २००५ च्या सुमारास युरोपच्या ट्रकांवर आली, अमेरिकेतल्या मोठ्या पिकअपमध्ये २०१०-११ च्या मॉडेलांपासून. गाडीत थेट अमोनिया ठेवणं धोक्याचं, म्हणून ३२.५ टक्के युरिया आणि बाकी क्षार काढलेलं पाणी, गरम धुरात त्याचाच अमोनिया होतो.

आपल्याकडे बीएस-४ (भारत स्टेज, गाड्यांच्या धुराचे सरकारी नियम) मुंबईसह १३ शहरांत २०१० ला लागू झालं आणि देशभर २०१७ ला. तेव्हा कंपन्यांमध्ये सरळ दोन तट होते, एक म्हणायचा युरिया घाला, दुसरा म्हणायचा धूर परत इंजिनात फिरवून भागतं, युरियाची कटकट कशाला. मग जानेवारी २०१६ मध्ये बीएस-५ गाळून थेट बीएस-६ वर जायचं ठरलं, तारीख १ एप्रिल २०२०. जड गाड्यांची नॉक्सची मर्यादा दर किलोवॅट-तासाला ३.५ ग्रॅमवरून ०.४६ वर आली, तिथे युरियाशिवाय गत्यंतर उरलं नाही. छोट्या डिझेल गाड्यांनी वेगळा कॅटॅलिस्ट (सायलेन्सरच्या वाटेतला धूर साफ करणारा भाग) लावून आणखी काही वर्षं ढकलली, पण एप्रिल २०२३ पासून प्रत्यक्ष रस्त्यावरची चाचणी आली आणि त्यातल्याही बऱ्याच युरियावर आल्या.

आता मूळ वादाचा मुद्दा. युरिया संपला तर इंजिनाचं काही बिघडत नाही, गाडी छान पळते, फक्त धूर घाण होतो. म्हणजे मालकाला युरिया भरायचं स्वतःचं असं कारणच नाही. युरोपात हे पहिल्या काही वर्षांतच दिसलं, टाकीत पाणी भरा, नाहीतर कॉम्प्युटरला फसवणारा डबा लावा, आणि ते आपल्याकडे बीएस-४ च्या ट्रकांवरही झालं. त्यावर उपाय काढला तो म्हणजे गाडीनेच शिक्षा द्यायची. युरोपच्या जड गाड्यांच्या नियमात आधी दिवा, मग टॉर्क (इंजिनाची ओढ) २५ टक्के कमी, आणि शेवटी वेग ताशी २० किलोमीटर. हलक्या गाड्यांना ठरावीक अंतरानंतर इंजिन बंद केलं की परत चालूच होत नाही अशीही सोय आहे. आपलं बीएस-६ याच धर्तीवर बेतलेलं आहे.

नॉक्स कमी व्हायलाच हवा, त्याबद्दल माझं दुमत नाही, सायन-पनवेल रोडवर सकाळी उभं राहून बघा. पण ही शिक्षा चोर आणि साव ओळखत नाही. टाकीतला सेन्सर मुख्यतः युरियाचं प्रमाण बघतो. पाणी मिसळलेलं तो पकडतो, पण प्रमाण बरोबर आणि आत कॅल्शियम, सोडियम असलं तर ते त्याला दिसत नाही, ते हळूहळू कॅटॅलिस्ट मारतं आणि बऱ्याच दिवसांनी पुढचा नॉक्स सेन्सर ओरडतो. तोवर कुठला कॅन खराब होता हे कोण सांगणार? आणि सेन्सरच गेला, युरिया चांगला असला, तरी पॉवर कट तोच. खाडीपुलावर लोड गाडी २० ने चालवणारा माणूस हप्ते भरतोय, त्याने फसवलेलं नाही.

हा खराब माल येतो तो बराचसा खताच्या गोणीतून. सबसिडीची ४५ किलोची गोणी कारखान्याच्या युरियापेक्षा कितीतरी स्वस्त, म्हणून ती पाण्यात विरघळवून कॅन भरायचा धंदा निघाला. २०१५ पासून शेतीचा युरिया कडुलिंबाचं तेल लावूनच येतो, ते खताची गळती रोखायलाच केलं होतं, पण तेच तेल गाडीच्या कॅटॅलिस्टला घातक. शिवाय बाययुरेट नावाची अशुद्धी, जिची मर्यादा गाडीच्या युरियात ०.३ टक्के आहे, खतात ती जास्त चालते.

साठवणीकडे तर सुरुवातीपासून कुणी नीट बघितलंच नाही. नियम थंड देशात बनले, तिथली चिंता उणे ११ ला गोठायची. आंतरराष्ट्रीय मानकात २५ अंशांपर्यंत साठवलं तर १८ महिने टिकेल असं धरलंय, ३० ला १२, ३५ ला फक्त ६, त्यावर गेलं की वापरण्याआधी तपासा. कळंबोलीच्या पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात काय होत असेल ते सांगायला नको. त्यात उरलेला माल पितळी कॉक लावलेल्या नाहीतर गॅल्वनाइज्ड पिंपात ओततात, तांबं-जस्त त्यात उतरतं, खरं म्हणजे जाड प्लास्टिक किंवा स्टेनलेस स्टीलच हवं.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत यावर मोठी सूट जाहीर झाली. २०२७ पासूनच्या नव्या डिझेल ट्रकांमध्ये युरियामुळे अचानक पॉवर जाता कामा नये, आणि जुन्या गाड्यांचं सॉफ्टवेअर बदलून ड्रायव्हरला दुरुस्तीसाठी जास्त वेळ द्यावा, असं तिथे सांगितलं गेलं. युरिया भरणं मात्र त्यांनीही काढलेलं नाही.