सर्दीची गोळी, पित्ताची गोळी आणि चिठ्ठीचा नियम : पार्श्वभूमी

अंगावर पित्त उठले की आधी आमसुलाचे पाणी चोळायचे आणि तेवढ्याने खाज थांबली नाही तर मेडिकलमधून गोळी आणायची, हा क्रम बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत अनेक वर्षे चालत आला आहे. तीच गोळी पावसाळ्यातल्या सर्दीला, तंबाखूच्या धुळीने येणाऱ्या शिंकांना आणि बांधावरचे गाजरगवत उपटताना हातावर उठणाऱ्या पुरळालाही घेतली जाते. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय का मिळते आणि तिच्यापेक्षा कमी झोप आणणाऱ्या दुसऱ्या गोळीला कागदोपत्री चिठ्ठी का लागते, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

या गोळ्या अँटिहिस्टामिन गटातल्या, म्हणजे अ‍ॅलर्जीत खाज, पुरळ आणि शिंका आणणाऱ्या हिस्टामिन या शरीरातल्या रसायनाला रोखणाऱ्या. या गटातले पहिले रसायन 1937 मध्ये युरोपातील प्रयोगशाळेत तयार झाले आणि 1940 च्या दशकात अशी औषधे माणसांना दिली जाऊ लागली. आपल्याकडे एव्हिल या नावाने ओळखली जाणारी फेनिरामिन आणि सर्दीच्या बहुतेक मिश्र गोळ्यांत असणारी क्लोरफेनिरामिन ही त्याच पिढीची औषधे आहेत. ती मेंदूपर्यंत पोहोचतात, त्यामुळे गुंगी येते. 1980 च्या दशकात मेंदूत फारशी न शिरणारी दुसरी पिढी आली, पण तिच्यातल्या टर्फेनाडिन आणि अ‍ॅस्टेमिझोल या दोन औषधांमुळे, विशेषतः काही प्रतिजैविके किंवा बुरशीवरची औषधे सोबत घेतल्यास, हृदयाचे ठोके धोकादायक रीतीने बिघडू शकतात असे दिसून आले. अमेरिकेतून ही औषधे 1998 आणि 1999 मध्ये गेली आणि भारतात त्यांच्यावर 2003 मध्ये बंदी आली. त्याच पिढीतल्या सेट्रिझिनमध्ये हा दोष नव्हता.

खरा गुंता वर्गवारीचा आहे. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि दुकानांना परवाने देणारे खाते बदलले. पण 1940 चा औषध कायदा आणि 1945 चे नियम केंद्राचे असल्यामुळे कागलच्या दुकानाला जी वर्गवारी लागू होते, तीच निपाणीच्या दुकानालाही लागू होते. या नियमांत ‘चिठ्ठीविना विक्रीची औषधे’ असा स्वतंत्र वर्गच नाही. जे औषध चिठ्ठी सक्तीच्या याद्यांमध्ये नाही ते चिठ्ठीविना विकता येते, एवढाच अर्थ निघतो. फेनिरामिन, क्लोरफेनिरामिन, प्रोमेथाझिन ही जुनी, गुंगी आणणारी औषधे नियमांतल्या शेड्यूल जी या यादीत आहेत. तिथे चिठ्ठीची सक्ती नाही, मात्र वैद्यकीय देखरेखीशिवाय हे औषध घेणे धोक्याचे आहे अशी सूचना वेष्टनावर छापावी लागते. सेट्रिझिन शेड्यूल एच या यादीत आहे, म्हणजे ती चिठ्ठीवरच विकायची असते. जी गोळी घेऊन रात्री उसाचा ट्रॅक्टर किंवा महामार्गावर दुचाकी चालवणे अधिक धोक्याचे, ती मोकळी आहे आणि त्या मानाने सौम्य असलेली बांधलेली आहे. सेट्रिझिननेही काहींना झोप येते हे खरे, पण फरक मोठा आहे. अमेरिकेत दुसऱ्या पिढीतलीच लोराटाडिन 2002 पासून आणि सेट्रिझिन 2007 पासून चिठ्ठीविना मिळते. प्रत्यक्षात आपल्याकडेही सेट्रिझिन मागितली की मिळते, म्हणून हा भेद निरुपद्रवी वाटतो. परंतु त्याचा परिणाम असा होतो की नियम पाळणारा दुकानदार गिऱ्हाइकाला जास्त गुंगीची गोळी देतो, आणि धोक्याची सूचना बारीक इंग्रजी अक्षरांत असल्याने मराठी किंवा कन्नड शाळेत शिकलेल्या शेतकऱ्यापर्यंत ती पोहोचतच नाही.

मे 2022 मध्ये केंद्राने 16 औषधे चिठ्ठीविना विकू देण्याचा मसुदा काढला. त्यात पाच दिवसांपेक्षा जास्त वापर नको आणि तेवढ्यात बरे न वाटल्यास डॉक्टरांकडे जावे, या अटी योग्यच होत्या. मात्र त्या यादीत या गटातून निवडले गेले ते 25 मिलिग्रॅमचे डायफेनहायड्रामिन, म्हणजे पुन्हा पहिल्या पिढीतले, चांगलीच झोप आणणारे औषध. सेट्रिझिनला डावलून त्याची निवड करणे या लेखकाला पटलेले नाही.

सर्दीबाबत अपेक्षाही तपासून घ्यायला हवी. साध्या विषाणूजन्य सर्दीत नाक वाहण्यामागे हिस्टामिनचा वाटा थोडा असतो. जुन्या गोळीने नाक कोरडे पडते ते तिच्या स्राव सुकवण्याच्या दुसऱ्या गुणामुळे, आणि त्याच गुणामुळे तोंड कोरडे पडते व वृद्ध पुरुषांना लघवी अडू शकते. दुसऱ्या पिढीच्या गोळ्यांचा अशा सर्दीत विशेष उपयोग नाही. त्यांचा उपयोग पित्त, खाज आणि अ‍ॅलर्जीच्या शिंका यांवर होतो. खानापूरच्या जंगलपट्ट्यात गांधीलमाशी चावल्यानंतर घसा आवळू लागला, श्वास लागला किंवा चक्कर आली, तर यांतली कोणतीही गोळी पुरेशी नाही. तिथे अ‍ॅड्रेनालिनचे इंजेक्शन लागते, आणि गोळीचा गुण येण्याची वाट पाहण्यात गेलेला वेळ जिवावर बेतू शकतो.

अलीकडची सर्वांत महत्त्वाची घडामोड मुलांविषयीची आहे. क्लोरफेनिरामिन आणि चोंदलेले नाक मोकळे करणारे फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना छापण्याचा आदेश डिसेंबर 2023 मध्ये निघाला. सप्टेंबर-ऑक्टोबर 2025 मध्ये मध्य प्रदेशात विषारी द्रव मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने बालकांचे मृत्यू झाले. ते भेसळीचे प्रकरण होते, क्लोरफेनिरामिनच्या दोषाचे नव्हते. पण त्या वेळी केंद्राने पुन्हा कळवले की सर्दी-खोकल्याची औषधे दोन वर्षांखालील मुलांना देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांना ती सहसा देण्यासारखी नसतात. मोठ्या भावंडासाठी आणलेली अर्धी बाटली फळीवर ठेवून पुढच्या पावसाळ्यात धाकट्याला पाजण्याची सवय घरोघरी आहे, आणि ही सूचना नेमकी त्या बाटलीला लागू होते.