फड्या निवडुंगाच्या वाणांचा गुंता

अमेरिकेच्या नैऋत्येकडील वाळवंटी बागांत दिसणारा फड्या निवडुंग नेमक्या कोणत्या वाणाचा आहे, हे सांगणे अवघड का जाते, याचे उत्तर या वनस्पतीच्या अभ्यासाच्या आणि लागवडीच्या इतिहासात आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये हे निवडुंग ‘कॅक्टस’ या प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) घातले आणि इंग्लिश वनस्पतितज्ज्ञ फिलिप मिलरने पुढच्याच वर्षी त्यांच्यासाठी ‘ओपन्शिया’ ही प्रजाती वेगळी मांडली. मात्र मांसल फडा दाबून वाळवला की त्याचा रंग, जाडी आणि आकार बिघडतो. त्यामुळे वनस्पतिसंग्रहातील नमुन्यांवरून केलेली वर्णने अपुरीच राहिली.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकी कृषी खात्यातील डेव्हिड ग्रिफिथ्स यांनी जिवंत झाडे लावून त्यांचा अभ्यास केला आणि बऱ्याच नव्या जाती वर्णिल्या. १९०८ मध्ये त्यांनी नाव दिलेला, गायीच्या जिभेसारख्या लांबट फड्यांचा टेक्सासमधील निवडुंग आज बहुधा स्वतंत्र जात न मानता एंगेलमान निवडुंग या जातीचा प्रकार मानला जातो. माझ्या मते ग्रिफिथ्स यांचे निरीक्षण चोख होते, पण लहानसहान फरकांनाही त्यांनी जातीचा दर्जा दिला.

याच काळात अमेरिकी वनस्पती-पैदासकार ल्यूथर बरबँक यांनी १९०७ मध्ये बिनकाट्यांच्या निवडुंगाची जाहिरात सुरू केली. वाळवंटात गुरांचा चारा पिकवण्याचे हे स्वप्न फारसे साकार झाले नाही, आणि बिनकाट्यांची झाडे त्यांच्या आधीपासूनच लागवडीत होती. फडा मातीत टेकवला की मुळे धरतो, त्यामुळे अशी झाडे नावाच्या चिठ्ठीविना हातोहात पसरतात. बियांपासून वाढवलेल्या रोपांत मात्र काटे पुन्हा दिसू शकतात, म्हणून काटे नसणे ही एकटी खूण फसवी ठरते.

मूळ गुणसूत्रसंख्या ११ असलेल्या या प्रजातीत द्विगुणितापासून अष्टगुणितापर्यंतच्या, म्हणजे गुणसूत्रांचे दोन ते आठ संच असलेल्या वनस्पती आहेत, आणि त्यांच्यात संकरही सहज होतो. जांभळ्या फड्यांसाठी लावल्या जाणाऱ्या सांता रीता निवडुंगाचा रंग थंडीत व दुष्काळात गडद होतो आणि पाणी मिळाले की फिकटतो. म्हणूनच जाणकार एका फड्याच्या छायाचित्रावर विसंबत नाहीत. काटे व बारीक कुसळे ज्यांतून उगवतात त्या डोळ्यांमधील अंतर, फुलाच्या पाकळ्यांचा आणि आतील स्त्रीकेसराच्या टोकाचा रंग, तसेच पिकलेल्या फळाचा गर हे सारे एकाच झाडावर, वेगवेगळ्या ऋतूंत पाहावे लागते.