थांबायलाही वेळ लागतो

ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू गोलंदाजाच्या हातातून सुटून फलंदाजापर्यंत पोहोचायला जेमतेम अर्धा सेकंद घेतो. तेवढ्यात फलंदाजाचा पाय पुढे पडतो, बॅट खाली येऊ लागते, आणि चेंडू ऑफस्टंपच्या बाहेरून चालला आहे हे उमगताच तो बॅट आवरती घेतो. गुणलेखकाच्या वहीत त्या चेंडूचे फक्त एक टिंब पडते. मेंदूच्या दृष्टीने मात्र सुरू झालेली हालचाल मध्येच मागे घेणे हे फटका मारण्याइतकेच खरे काम आहे. त्यासाठी वेगळ्या चेतापेशी कामाला लागतात, वेगळी वाट वापरली जाते आणि मोजता येईल इतका वेळही लागतो. थांबणे म्हणजे काहीच न करणे, ही आपली रोजची समजूत इथेच चुकते, आणि उतावीळ माणसांविषयीचे आपले बरेचसे गैरसमजही तिथूनच सुरू होतात.

हा वेळ मोजण्याची चाचणी दिसायला अगदी साधी आहे. संगणकाच्या पडद्यावर बाण उमटतो. तो डावीकडे वळलेला असेल तर डावे बटण, उजवीकडे असेल तर उजवे, आणि तेही शक्य तितक्या लवकर दाबायचे. साधारण चारांतून एकदा बाणानंतर क्षणार्धात बीप वाजते. ती ऐकू आली की बटण दाबायचे नाही. बीप बाणापाठोपाठ लगेच आली तर हात सहज आवरता येतो, उशिरा आली तर बोट खाली गेलेलेच असते. म्हणून संगणक बीपची वेळ सतत बदलत राहतो: थांबणे जमले की पुढच्या खेपेला बीप ५० मिलिसेकंद उशिरा, चुकले की तेवढीच आधी. असे करत करत निम्म्या वेळा थांबता येते आणि निम्म्या वेळा येत नाही, अशी नेमकी जागा सापडते. गॉर्डन लोगन आणि विल्यम कोवन यांनी १९८४ मध्ये याचे गणित मांडले. मेंदूत ‘कर’ आणि ‘थांब’ अशा दोन प्रक्रियांची शर्यत लागते आणि जी आधी पोहोचेल तिचे चालते, असा त्यांचा विचार होता. समजा, एखाद्याला बटण दाबायला सरासरी ४५० मिलिसेकंद लागतात आणि बीप २३० मिलिसेकंदांनी वाजली की ही शर्यत बरोबरीत सुटते, तर त्याच्या ‘थांब’ला सुमारे २२० मिलिसेकंद लागले. निरोगी तरुणांमध्ये हा आकडा बहुधा २०० ते २५० च्या आसपास येतो. जी कृती घडलीच नाही तिला लागलेला वेळ असा मोजता यावा, ही कल्पना मला आजही विलक्षण सुंदर वाटते.

‘थांब’चा मार्ग कपाळामागून निघतो. तिथे उजव्या बाजूच्या खालच्या वळीला इजा झालेल्या रुग्णांना ही चाचणी देऊन केंब्रिजच्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवले, की इजा जितकी मोठी तितका थांबायला लागणारा वेळ अधिक. मेंदूच्या खोल भागात असलेल्या बेसल गँग्लिया या केंद्रसमूहापर्यंत हा संदेश जातो. या समूहाची रीत आपल्या अपेक्षेच्या उलट आहे. त्याच्याकडून बाहेर जाणाऱ्या चेतापेशी थॅलॅमसला, म्हणजे हालचालींचे संदेश पुढे पाठवणाऱ्या केंद्राला, कायम दाबून ठेवतात, चढावर उभ्या केलेल्या गाडीचा हँडब्रेक ओढून ठेवावा तशा; एखादी हालचाल करायची असेल तर तेवढ्यापुरता तो ब्रेक सैल केला जातो. थांबायचे ठरले की कपाळामागून निघालेला संदेश मधले टप्पे गाळून थेट याच समूहातील सबथॅलॅमिक केंद्रकाकडे धावतो. हे केंद्रक वाटाण्याएवढे लहान आहे, पण ते चेतले की सगळ्याच हालचालींवरचा ब्रेक एकदम घट्ट होतो.

या इवल्याशा केंद्रकाचे महत्त्व कंपवाताच्या रुग्णांमुळे अधिक स्पष्ट झाले. कंपवातात डोपामाइन हे चेतापेशींमधले संदेशवाहक रसायन घटते, ब्रेक प्रमाणाबाहेर आवळला जातो आणि माणसाला पाऊल उचलणेही जड होते. अशा काही रुग्णांच्या सबथॅलॅमिक केंद्रकात बारीक विद्युत्अग्र बसवून तिथले कामकाज सतत विद्युत्स्पंदांनी बदलले जाते, आणि थरथर व ताठरपणा यांत मोठा फरक पडतो. परंतु मायकेल फ्रँक आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये या रुग्णांना दोन सारख्याच चांगल्या पर्यायांतून एक निवडायला सांगितले, तेव्हा एक वेगळीच गोष्ट दिसली. अशा पेचात आपण सगळेच नकळत थबकतो. उपकरण चालू असताना हे रुग्ण थबकले नाहीत, उलट अधिकच झटपट निवड करून मोकळे झाले. उपकरण बंद केल्यावर तो विराम परत आला. माणूस तोच, त्याचे संस्कार तेच, बदलली होती फक्त विजेची एक कळ. उतावीळपणाला सरसकट स्वभावदोष म्हणणाऱ्याने हा प्रयोग जरूर लक्षात ठेवावा.

आता बीपकडे परत येऊ. ती कानावर पडणे आणि तिची दखल घेतली जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दखलच घेतली गेली नाही, तर ‘थांब’ शर्यतीत उतरतच नाही, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटते की याचा ब्रेक कमजोर आहे. लक्ष आणि संयम यांची गाठ इथे पडते. दखल घेण्याच्या या कामात मेंदूच्या दांड्यातील लोकस सेरुलियस या ठिपक्याचा मोठा वाटा आहे. त्या लॅटिन नावाचा अर्थच निळी जागा. तिथल्या मोजक्या चेतापेशी जवळजवळ संपूर्ण मेंदूला नॉरॲड्रेनलिन हे दुसरे संदेशवाहक रसायन पुरवतात. माकडांवरील प्रयोगांत असे दिसले, की या पेशी मध्यम गतीने चालू असून नेमक्या खुणेला झटक्यासरशी उत्तर देतात तेव्हा माकड कामात गुंतलेले असते; त्या सुस्तावल्या तर ते पेंगते आणि सतत धडधडत राहिल्या तर भरकटते. डोपामाइनचेही तसेच. १९७९ मध्ये माकडांच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्समधून, म्हणजे कपाळामागच्या बाह्यपटलातून, ते जवळपास काढून टाकल्यावर, क्षणभर मनात धरून ठेवायच्या गोष्टी त्यांच्या मनातून निसटू लागल्या, जणू तो भागच कापून टाकला असावा. जास्त झाले तरीही घात होतो. म्हणजे हा आलेख टेकडीसारखा आहे: पातळी वाढते तसे काम माथ्यापर्यंत सुधारते आणि त्यापुढे उतरणीला लागते. परीक्षेच्या ताणाखाली पाठ असलेले सूत्र आठवत नाही, त्यामागे याच रसायनांचा पूर असतो.

एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणे, अतिचंचलता आणि उतावीळपणा यांची अवस्था, हिच्यावरील औषधे याच चढउतारावर काम करतात. १९३७ मध्ये अमेरिकेतील ऱ्होड आयलंडमध्ये चार्ल्स ब्रॅडली यांनी ३० मुलांना बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध दिले आणि त्यांपैकी जवळपास निम्मी अभ्यासात एकाएकी स्थिरावलेली पाहून ते चकित झाले. उत्तेजक औषधाने मूल शांत कसे होते, हे कोडे तेव्हापासूनचे. औषध मुलाला गुंगी आणत नाही. ते प्रीफ्रंटल कॉर्टेक्सला कमी पडणारे डोपामाइन आणि नॉरॲड्रेनलिन पुरेसे करते आणि ‘थांब’चा वेळ आखडतो. ज्याची पातळी मुळातच योग्य आहे त्याला मात्र तीच गोळी माथ्यावरून पलीकडच्या उतारावर ढकलू शकते, म्हणून अभ्यास वाढावा यासाठी मित्राकडून ती मागून घेणे धोक्याचे आहे.

फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एडीएचडी असलेल्या २२३ मुलांच्या मेंदूंची वाढ तितक्याच इतर मुलांशी ताडून पाहिली. मेंदूच्या बाह्यपटलाची जाडी वाढत जाऊन एका टप्प्यावर कमाल होते आणि मग कमी होऊ लागते. पटलाच्या निम्म्या भागाने हा टप्पा गाठण्याचे वय इतर मुलांमध्ये साधारण साडेसात होते, एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये साडेदहा. वाढीचा क्रम तोच होता, उशीर सर्वांत जास्त होता तो प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये. हातापायांना हलवणारा पट्टा मात्र या मुलांमध्ये इतरांपेक्षा किंचित आधीच तयार झालेला आढळला. तिसरीच्या वर्गात बाकावर चुळबुळणाऱ्या अशा मुलाला ‘हात बांध, गप्प बस’ असे बजावले जाते, तेव्हा हात हलवणारा भाग त्याच्यापाशी तयार असतो, आणि ते बांधून ठेवणारा अजून घडत असतो.